बसेल तिचा बिल्ला

भात पिवळं पडलं की आमच्या रस्त्याला पाट्या फुटतात. भोर सुटलं, उत्रोलीची खाचरं मागं पडली, की दोन्ही अंगांनी सुरू होतात. 'अस्सल इंद्रायणी.' 'घरचा तांदूळ मिळेल.' 'शेतातून थेट ताटात.' कुठं पत्र्यावर रंगवलेली, कुठं चकचकीत फ्लेक्सची, तर कुठं खताच्या पोत्याची उलटी बाजू पांढरी असते म्हणून तिच्यावरच ऑइलपेंटनं ओढलेली. एसटीच्या खिडकीशी बसून मी एकेक वाचत जाते. वाचते आणि चिडते. 'घरचा' म्हणे! कुणाच्या घरचा? त्या घराचं दार कुठल्या गावात उघडतं? पाटीला असे प्रश्न विचारायची सोय नसते. ती सांगते, आपण ऐकायचं, आणि तोवर गाडी वळणापलीकडं गेलेली असते.

मी एका संघटनेचं काम करते. एसटीच्या बंद पडलेल्या फेऱ्या, उखडलेले रस्ते, कचेरीत अडकलेले दाखले, यांवर पत्रकं लिहिणं माझ्याकडं. त्यामुळं माझं मराठी पत्रकावर पोसलेलं आहे. वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह नसलं तर मला ते वाक्य उपाशी वाटतं. पण कापणीला मी भोरची खोली बंद करते आणि वर हिर्डोशीला घरी जाते. यंदाही चाललेय. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला वास आहे. सुकत आलेल्या बांधाचा आंबूस वास, कापलेल्या धाटांचा गोडसर, आणि त्यावर कुठंतरी पेटवलेल्या पाल्याचा धूर. धरणाचं पाणी खाली निवांत पडलेलं. झोडणीचा आवाज लांबून येतो, फळीवर पेंढी आपटल्याचा, ठप्प, आणि मग दाणे उडाल्याची बारीक सरसर. हा आवाज कानावर आला की मला तो एकच हंगाम आठवतो, ज्या हंगामात आमच्या बायकांनी रस्त्यावर धंदा मांडला आणि मी त्या धंद्याला पाटी आणि बिल्ले करून दिले.

धंदा कसला, एक मांडव. चार वासे, वर पेंढा, समोर बाकडं, बाकड्यावर तांदळाची पोती तोंड उघडून ठेवलेली आणि बसायला उलटं केलेलं घमेलं. आमची खाचरं रस्त्याच्या खालच्या अंगाला उतरत गेलेली, मांडव वर रस्त्याकडंला. वाकून कापणाऱ्या बाईनं मान वर केली की मांडव दिसायचा. माझी चुलती, हौसाकाकी, ही त्यातली म्होरकी. काकीचा आवाज असा की ती मांडवात हळू बोलली तरी खालच्या खाचरात ऐकू जावं. दुसऱ्या बायजाआत्या, गावातल्या सगळ्यांच्याच आत्या, केस पांढरे आणि हात विळ्यासारखेच वाकलेले. आणि तिसरी पासलीवाली. अजून दोघीतिघी अधूनमधून असायच्या, पण खरा भार या तिघींवर.

पासलीवालीचं सांगायला हवं, कारण त्या हंगामात जे काही पणाला लागलं होतं ते तिचं लागलं होतं. वेल्ह्याकडल्या पासलीची ती लेक, म्हणून लग्न झाल्या दिवसापासून आमच्या गावात तिला पासलीवालीच म्हणायचे. नवरा, दत्तादादा, शिरवळला कंपनीत. तिथं एका चाळीत खोली घेतलेली. खानावळीचं खाऊन कंटाळलेला, एकटा पडलेला, स्वभावानं गरीब माणूस. त्याचं म्हणणं होतं की बायकोनं आता खोलीवर यावं. तिचं म्हणणं होतं की मला ह्या डोंगरातून न्हेऊ नका, त्या खोलीला खिडकी न्हाई. सासू, दोन म्हशी, खाचरं, सगळं तिच्या अंगावर आणि तिला ते आवडायचं. शेवटी त्यांच्यात ठरलं, "ह्यो हंगाम बघू. तुमचा तांदळाचा धंदा हुबा ऱ्हायला तर ऱ्हा. न्हाई तर झोडणी उरकली की गप माझ्यासंगं चलायचं." ती हो म्हणाली. पासलीवाली कुठल्याही गोष्टीला पटकन हो म्हणायची आणि मग दिवसभर काहीच बोलायची नाही.

आता धंदा उभा राहायचा म्हणजे गाड्या थांबायला हव्यात. दिवाळीनंतर घाटानं कोकणात उतरणाऱ्या पुण्याच्या गाड्या आमच्या रस्त्यानं जातात. त्या थांबायच्या, पण आमच्यापाशी नाही. आमच्या आधी एक वळण लागतं, त्या वळणावर एका बाहेरच्या माणसानं दुकान काढलं होतं. कमान काय, काचेच्या बरण्या काय, दिवसाढवळ्या लाइटिंग काय! आत लाल टी-शर्ट घातलेली माणसं, छातीवर बिल्ले, 'सेल्स', 'सुपरवायझर'. आणि प्रत्येक पिशवीवर सोनेरी गोल शिक्का, 'दर्जा प्रमाणित'. मी आत जाऊन विचारलं, "कुणी प्रमाणित केलं?" सुपरवायझर आमच्याच खालच्या वाडीचा. तो म्हणाला, "ताई, चिकटवायला सांगत्यात, आमी चिकटवतो." तांदूळ कुठला ते विचारलं तर म्हणाला, "टेम्पोतला."

तो सोनेरी शिक्का कुठून येतो ते मला लवकरच कळलं. भोरला ज्या प्रेसमध्ये आमची पत्रकं छापतात, तिथं टेबलावर त्याची गुंडाळीच ठेवलेली होती. चिकटपट्टीसारखी. हवा तेवढा दर्जा फाडून घ्या! मी प्रेसवाल्या काकांवर तिथंच तोंडसुख घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "बाळा, मिठाईच्या डब्यावर पण हाच लावतात. लोकांना काहीतरी गोल आणि सोनेरी दिसलं की बरं वाटतं. तू का जीव जाळतीस?"

जीव जाळायला मला कारण लागत नाही. मी तिथल्या तिथं पाटी करायला टाकली. मजकूर माझा. पांढऱ्यावर लालभडक: 'दलालशाही गाडा! कष्टकरी बाईचा तांदूळ घ्या!' खाली दोन्ही बाजूंना मुठी. प्रेसवाल्या काकांनी एकदाच विचारलं, "मोर्चाय का दुकान?" मी म्हटलं, "दोन्ही."

पाटी लागली त्या दिवशी मी मुद्दाम मांडवात थांबले. पहिली गाडी लांबून आली, हळू झाली, पाटीपाशी थबकली, आणि तिथंच तिनं वळण मारलं. आली तशी परत. दुसरीचंही तेच. आमच्या घाटाचा रस्ता पावसाळ्यात बंद असतो, कधी दरड येते, कधी दुरुस्ती, आणि अशा वेळी लाल अक्षरांची पाटी आडवी लागलेली असते. त्यात पाटीखाली हातात विळे घेऊन तीन बायका उभ्या! काकीनं पदर खोचून एका गाडीमागं धावत जाऊन विचारलं तेव्हा आतला माणूस काच जेमतेम खाली करून म्हणाला, "रास्ता रोको कधी सुटणार, मावशी?"

काकी परत आली ती हसून हसून खाली बसली. बायजाआत्या मात्र गंभीर. "पोरी," त्या मला म्हणाल्या, "लिवलंयस चांगलं. पन हे वाचून मलाच वाटाया लागलं की घरला जावं."

मी रागावले. दोन दिवस पाटी उतरवू दिली नाही. मग रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिले आणि गाडीतल्या माणसाच्या नजरेनं बघायचा प्रयत्न केला. आमच्याकडं नवा माणूस दारात आला की त्याची ओळख पटायला एक चहा जातो. कुठलं गाव, कुणाचा कोण, आई कुठली, मग तिकडचा अमका माहीत असेल, हे सगळं होतं आणि मग माणूस घरात येतो. गाडीतल्या माणसापाशी तो चहा नाही. त्याला एका नजरेत सगळं हवं असतं: तुम्ही कोण, इथलेच का, उद्या परत आलो तर असाल का. पाटीनं तेवढं सांगायचं असतं. पाटी म्हणजे धंद्यानं तोंड धुऊन उंबऱ्यात उभं राहणं. मी आमच्या धंद्याला तोंड धुऊन नव्हे, मूठ आवळून उभं केलं होतं. वळणावरच्या दुकानाचा मला आजही संताप येतो, पण एक गोष्ट कबूल करावी लागेल, ते दुकान येणाऱ्याला या म्हणत होतं.

दुसरी पाटी हिरवी केली. 'हिर्डोशीच्या बायकांचा तांदूळ. खालच्या खाचरातला.' आणि खाचराकडं दाखवणारा बाण. बाण काकीचा आग्रह. "बानाकडं बघितलं की आमी कापताना दिसनार, मग इस्वास न्हाई का बसनार?" उद्गारचिन्ह एकही नाही. मला ते लिहिताना हात बांधल्यासारखं झालं. पण गाड्या थांबायला लागल्या. माणसं उतरायची, बाणाच्या दिशेनं बघायची, खाली वाकलेल्या पाठी दिसायच्या, आणि मग पोत्यात हात घालून वास घ्यायची. काही जण फोटो काढून तसेच जायचे. त्यांना बायजाआत्या मागनं ओरडून सांगायच्या, "फोटूचा भात व्हत न्हाई रं बाबा!"

मग मला बिल्ल्यांचं सुचलं. वळणावर बिल्ले आहेत तर इथं का नकोत? तिथं ते मालकानं दिलेले, इथं बाई स्वतःच्या नावानं उभी राहील! प्रत्येकीचं नाव आणि हुद्दा. त्यासाठी नावं विचारत फिरले तेव्हा पासलीवालीपाशी येऊन थांबले. इतकी वर्षं शेजारी राहून मला तिचं नावच माहीत नव्हतं.

"नाव काय गं तुझं?"

"कुठलं? आधारवरलं का म्हायेरचं?"

"तुला आवडतं ते."

तिनं विळा थांबवला. "मंगल," ती म्हणाली. "बिल्ल्यावर मंगल घाला." आणि मान खाली घालून परत कापायला लागली, पण कानापर्यंत हसत होती.

बिल्ले झकास झाले. पिवळे, गोल, प्लास्टिकच्या झाकणाखाली नाव, मागं पिन. 'मंगल, विक्री'. 'बायजाबाई, प्रतवारी', कारण तांदळातले खडे त्या निवडायच्या. आणि काकीचा जरा मोठा, 'हौसाबाई, संचालिका'. मी स्वतःच्या हातानं एकेकीच्या पदरावर लावले. काकी बिल्ला लावून गावभर हिंडून आली. मी खूश होऊन भोरला परत गेले आणि नव्या पत्रकाला लागले.

पुण्याच्या मंजिरीमॅडम त्याच दिवसांत आल्या. एका मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या, तिथल्या बायकांसाठी दरवर्षी एकत्र तांदूळ घेणाऱ्या. पाटी बघून थांबल्या, नवा तांदूळ चिकट होतो म्हणून थोडा जुनाही मागितला, म्हणजे जाणत्या होत्या. पाटीवर नंबर माझा होता, म्हणून मला फोन केला. सगळं जमलं तर अख्ख्या सोसायटीचा तांदूळ आमच्याकडून घेऊ म्हणाल्या. मी काकीला कळवलं, काकीनं खालच्या खाचरात आरोळी ठोकली, आणि पासलीवालीनं म्हणे पेंढी डोक्यावरून दोनदा फिरवून मग झोडली. तेवढा तांदूळ एका दारात गेला तर धंदा उभा राहिला असंच म्हणायचं होतं. भोरच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर जायला नको, त्याच्या ढिगात मिसळून बिननावाचा व्हायला नको. आणि तिला शिरवळला जायला नको.

मॅडम दुसऱ्यांदा आल्या, तिसऱ्यांदा आल्या, आणि मग त्यांचा मला फोन आला. आवाज थंड. "तुमच्या हौसाबाई नक्की कोण आहेत?"

"माझ्या चुलती. का हो?"

"पहिल्या वेळी हौसाबाई उंच होत्या, मोठ्या आवाजाच्या. मागच्या वेळी हौसाबाई म्हाताऱ्या होत्या. आज हौसाबाई तिशीच्या आतल्या आहेत. मी विचारलं, तुम्हीच हौसाबाई का? तर म्हणाल्या, 'व्हय, आज मीच.' हा काय प्रकार आहे? सोसायटीत मला विचारलं की माल घेतला कुणाकडून, तर मी कुणाचं नाव सांगू?"

मी मिळेल त्या गाडीनं वर गेले. मांडवात बायजाआत्या बसलेल्या, छातीवर 'हौसाबाई, संचालिका'. मी चौकशी सुरू केली, खाचरातल्या बाकीच्याही वर आल्या, आणि माझ्या बिल्ल्यांचं काय झालं ते बाहेर आलं. बायजाआत्यांचा स्वतःचा बिल्ला नातवाच्या वाढदिवसाला नातवाला लावला होता, तो परत द्यायला तयार नव्हता. दुसऱ्या दोघींचे पेटीत. पासलीवालीचा देव्हाऱ्यात.

"देव्हाऱ्यात?" मी जवळजवळ किंचाळले.

"एवढं चांगलं छापलेलं नाव," पासलीवाली म्हणाली, "धुळीत कुठं घालू?"

राहिला काकीचा. तो मोठा, पिन मजबूत, म्हणून तो मांडवातच वाशाला टोचून ठेवायचा. जी बसायला येईल तिनं तो लावायचा, उठताना पुढचीच्या पदराला लावून मग खाचरात उतरायचं. यात काही चुकतंय असं एकीच्याही मनात आलं नव्हतं. कारण आमच्याकडं कापणी सावडीनं होते. आज सगळ्याजणी काकीच्या खाचरात, उद्या बायजाआत्यांच्या, परवा पासलीवालीच्या. ज्या दिवशी जिचं शेत, त्या दिवशी सगळ्या तिच्या. मांडवही त्यांनी सावडीतच धरला होता. घमेल्यावर बसलेली बाई ही त्या वेळेपुरती सगळ्यांच्या वतीनं बसलेली, मग बिल्ला तिच्यावर असायचा, नाव कुणाचं का असेना.

मी बिल्ल्याचा अर्थ समजावून सांगू लागले. ओळख, जबाबदारी, विश्वासार्हता. काकीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बया, तुज्या मोर्च्यात सगळ्यांच्या छातीवर येकच बिल्ला असतो का न्हाई? मग?"

"तो संघटनेचा असतो, काकी. त्याच्यावर माणसाचं नाव नसतं."

"मग ह्याच्यावर कशाला घातलंस?"

मी मोबाईल काढला.

मॅडमना फोन करून हे सगळं सांगितलं. त्या हसल्या, पण हसणं अर्धंच होतं. म्हणाल्या, "मला पटतंय तुमचं. पण सोसायटीतल्या लोकांना एक नाव, एक चेहरा लागतो. बोलते त्यांच्याशी, कळवते." पुढं त्यांचा फोन आला, सोसायटीनं तांदूळ घेतला, सगळा नाही पण बराच घेतला. मात्र तो फोन फार उशिरा आला. मी आता सांगणार आहे त्या दिवसापर्यंत आला नव्हता. त्या दिवसांत पासलीवाली माझ्या मोबाईलकडं बघायची आणि विचारायची नाही.

मधल्या काळात दत्तादादा एकदा मला भोरच्या स्टँडवर भेटला. कामावर निघालेला, गळ्यात कंपनीचा बिल्ला, निळ्या फितीला लटकलेला. त्यावरचा फोटो त्याचाच पण ओळखू न येणारा, केस चापून बसवलेले, डोळे भेदरलेले. आम्ही टपरीवर चहा घेतला. मी बिल्ल्यांचा घोटाळा सांगितला तर तो खदखदून हसला आणि मग म्हणाला, "आमच्याकडं ह्यो गळ्यात नसला तर गेटवर वळख न्हाई बग. वॉचमन रोज माज्यासंगं चा पितो. येक दिस इसरलो तर म्हनतो, आपन कोन?" तो फीत बोटाला गुंडाळत राहिला. "आत बी तसंच. रिलीव्हर, म्हंजे बदलीचा मानूस, आला न्हाई तर मशीन सोडायची न्हाई. जेवान ऱ्हाऊ दे, लघवीला बी जायाचं न्हाई." मी लगेच पेटले, यावर पत्रक काढते म्हटलं. तो घाबरून म्हणाला, "नगं बाई. तिला येकदा न्हेतो खोलीवर, मग काय काढायचं ते काढ."

मला त्याचा राग येईना. राग येत नाही अशी माणसं माझ्या ओळखीत थोडी, आणि ती मला अवघडच जातात.

झोडणी उरकत आली. लवकर पिकणारं हळवं भात कधीच कणगीत गेलं होतं, गरवं तेवढं एका खाचरात उभं राहिलं होतं, काकीचं. त्या दिवशी सगळ्या तिथं, मीही विळा घेऊन. ऊन कोवळं पण पाठीला लागणारं. धाटं हाताला करकरत होती, कुसं मानेत शिरत होती, आणि बायजाआत्या कुणाच्या तरी लग्नातली फजिती सांगत होत्या. मांडवात पासलीवाली. तिची पाळी जेवणापर्यंत, नंतर बायजाआत्यांची.

जेवणं झाली. आत्या फडक्याला हात पुसून वर जायला निघाल्या आणि तेवढ्यात रस्त्यानं मोटारसायकल आली. मांडवापाशी थांबली. दत्तादादा. मागच्या कॅरिअरला रिकामी मोठी पिशवी बांधलेली, कपडे न्यायला आणतात तशी.

आत्या एक क्षण बांधावर उभ्या राहिल्या. मग वळल्या, परत खाचरात उतरल्या आणि विळा हातात घेतला.

मला वाटलं त्या विसरल्या. "आत्या, तुमची पाळी..." मी म्हणाले, आणि मीच जाते म्हणून बांधाकडं निघाले.

"खाली बस," काकी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा आवाज इतका बारीक ऐकला. "काप."

वर काय बोलणं झालं ते पासलीवालीनं नंतर सांगितलं. तो म्हणाला, "झाली की झोडणी. चल." ती म्हणाली, "थांबा, गिऱ्हाईक हाय." गिऱ्हाईक होतं खरंच, एक म्हातारं जोडपं, त्यांनी तांदूळ निवडून निवडून घेतला. तो थांबला. गिऱ्हाईक गेलं. तो म्हणाला, "आता चल." तिनं छातीवरच्या बिल्ल्याकडं बोट दाखवलं. "बदली आल्याबिगर हितनं उठता येत न्हाई."

"कवा येती बदली?"

"येईल. जेवान झालं की येती."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की आत्या आता येतील. तिनं आमच्याकडं बघितलंही असेल, पण आमच्या नुसत्या पाठी दिसल्या असतील. दत्तादादा गाडीवर आडवा बसला. पुढं उभा राहिला. बाणाच्या दिशेनं खाली बघत राहिला. कंपनीत काम करणारा माणूस तो, बदलीचा नियम त्याला ठाऊक; त्यानंतर जागा सोडून चल असं तो तिला एकदाही म्हणाला नाही. अजून एक गाडी थांबली, तेव्हा पोतं त्यानंच उचलून डिकीत ठेवलं.

आम्ही कापत होतो. कधी नव्हे ते इतक्या हळू की पेंढ्या दोनदा बांधून सोडल्या. उन्हं डोंगरामागं गेली, पाण्यावरून गार वारा सुटला. माझी कंबर मोडली होती आणि मान वर करायची कुणाची छाती होत नव्हती. शेवटी वर गाडीला किक बसल्याचा आवाज आला. मग एक हाक, लांबून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मंगल! पुढच्या सुट्टीला येतो!"

गाडी उताराला लागेपर्यंत आम्ही तशाच वाकून राहिलो. आवाज विरला. मग बायजाआत्यांनी विळा बांधावर ठेवला, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "चला, पाळी हाय माजी."